डोलणे, ‘डोळणे’ नाही: सातवीच्या वहीतलं एक प्रकरण

सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय होता ‘माझं गाव’. एका मुलाने लिहिलं होतं, ‘वारा सुटला की गव्हाचं शेत डोळायचं आणि मी बांधावर बसून बघायचो.’ वाक्य मला आवडलं. ‘डोळायचं’खाली लाल रेघ मारली, वर ‘डोलायचं’ लिहिलं आणि पुढची वही ओढली.

शाळा मुंबईच्या पश्चिम उपनगरातली, मराठी माध्यमाची. मुलाच्या घरी हिंदी बोलतात, गाव उत्तर प्रदेशात. मराठी तो शाळेत आणि चाळीच्या गॅलरीत शिकला. दुसऱ्या दिवशी वही हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. गुणांबद्दल त्याची तक्रार नव्हती, त्याला कारण हवं होतं.

“बाई, होलीची होळी होते, थालीची थाळी, काला म्हणजे काळा. जलना म्हणजे जळणे, मिलना म्हणजे मिळणे. मग डोलना म्हणजे डोळणे का नाही?”

मी म्हटलं, “तो अपवाद आहे, पाठ करून ठेव.” तो मान हलवून जागेवर गेला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. या मुलाने कुणी न शिकवता दोन भाषा शेजारी ठेवून एक नियम शोधला होता. त्या नियमाने त्याला शेकडो मराठी शब्द बिनचूक लिहिता येत होते. एका ठिकाणी नियमाने दगा दिला, तर त्याचं कारण देणं माझं काम होतं. ‘अपवाद’ म्हणून मी ते टाळलं. पुढचे काही आठवडे आमच्या वर्गात या एका क्रियापदामागे जे लागलं, त्याची ही नोंद.

अपवाद इतके असतात का?

त्या संध्याकाळी कागदाच्या डाव्या बाजूला मुलाची यादी लिहिली: होळी, थाळी, काळा, गळा, जळणे, मिळणे, पाळणे. उजव्या बाजूला त्याच्या नियमात न बसणारे शब्द लिहीत गेले. चलना–चालणे. बोलना–बोलणे. फूलना–फुलणे. तोलना–तोलणे. डोलना–डोलणे. तेल दोन्हीकडे तेल, बेल दोन्हीकडे बेल, गाल दोन्हीकडे गाल. उजवी बाजू भरत गेली तसं लक्षात आलं की हे अपवाद नाहीतच. इथे दुसरा नियम आहे, आणि तो मला शिकवता आला नव्हता.

तो नियम एका रोजच्या शब्दात दिसतो: फळफूल. फळात ळ आहे, फुलात ल आहे. संस्कृतात पहिला शब्द ‘फल’, दुसरा ‘फुल्ल’, म्हणजे उमललेलं. एकात एकेरी ल, दुसऱ्यात दुहेरी. मराठीने दोन स्वरांमधल्या एकेरी ल-चा ळ केला. दुहेरी ल्ल मात्र तसाच राहिला, आणि पुढे त्यातला एक ल गळून पडला तोवर ळ होण्याची वेळ निघून गेली होती. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठीची जडणघडण तपासली, तेव्हा हा भेद नीट मांडला आहे. एकदा तो कळला की शब्दांच्या जोड्या आपणहून पुढे येतात. ‘गल’पासून गळा, ‘गल्ल’पासून गाल. ‘काल’पासून काळ, ‘कल्य’चं प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरच्या बोलीत, कल्ल झालं आणि त्यापासून आपला कालचा ‘काल’. ‘मूल’पासून मूळ, ‘मूल्य’चं मोल्ल आणि मग मोल. काळ आणि काल या शब्दांत आज आपल्याला एका टोकदार उच्चाराचा फरक ऐकू येतो, पण त्यामागे एकेरी आणि दुहेरी अक्षराचा जुना फरक दडलेला आहे.

जोड्या पाहताना आणखी एक खूण सापडते. दुहेरी अक्षर एकेरी झालं की आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो: कल्ल–काल, गल्ल–गाल, चल्ल–चाल. जणू गेलेल्या अक्षराची जागा स्वराने भरून काढली.

प्रमाण हिंदीने ळ ठेवला नाही. तिथे एकेरी आणि दुहेरी दोन्हींचा शेवट ‘ल’मध्येच झाला. म्हणून हिंदीतून येणाऱ्या कानाला जलना आणि चलना सारखेच वाटतात. त्या मुलाला हा फरक ऐकू येणं शक्यच नव्हतं. मराठी घरातली मुलं तो कानाने बरोबर पाळतात, पण विचारलं तर कारण त्यांनाही सांगता येत नाही.

मग ‘दोला’चं काय?

इथवर आल्यावर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच अडले. डोलण्याचं मूळ कोश एकमुखाने सांगतात: संस्कृत ‘दोला’, म्हणजे झोपाळा. त्यावरून ‘दोलायते’, झोक्यासारखं इकडून तिकडे जाणं. आता दोला या शब्दात ल एकेरी आहे. मग माझ्याच नवीन नियमाने मुलाचं ‘डोळणे’ बरोबर ठरतं!

याचं उत्तर तेलात मिळालं. संस्कृत ‘तैल’ यातही ल एकेरीच आहे, तरी आपण तेळ म्हणत नाही. कारण प्राकृतात या शब्दाचं ‘तेल्ल’ झालं होतं. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला राहून हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात अशा द्वित्त झालेल्या, म्हणजे अक्षर दुहेरी झालेल्या, शब्दांचा वेगळा गटच आहे आणि त्याच्या सुरुवातीला तेलच आहे. ‘चल्’ धातूबद्दल तो दोन्ही रूपं देतो, चलइ आणि चल्लइ. मराठीने दोन्ही ठेवली. चलइपासून चळणे (बुद्धी चळते, पाय चळतो) आणि चल्लइपासून चालणे. एका धातूला दोन मुलं झाली. एक मूळ जागेवरून ढळण्याच्या अर्थाला लागलं, दुसरं पायांनी जाण्याच्या.

म्हणजे संस्कृतात एकेरी असलेला ल क्रियापदांत प्राकृताच्या टप्प्यावर दुहेरी होऊ शकत होता. डोलण्याच्या बाबतीत तेच झालं असं मानायला माझ्याजवळ एक चांगला साक्षीदार आहे: हिंदोळा. याच कुळातला, झोपाळ्याचाच अर्थ, आणि त्यात ळ आहे. ‘हिन्दोल’मधला एकेरी ल नियमाप्रमाणे ळ झाला. क्रियापद मात्र ‘डोल्ल’ या वाटेने आलं म्हणून त्यात ल राहिला. ओ आधीच लांबट असल्याने चालण्यासारखी स्वराची खूण इथे दिसत नाही; खूण एवढीच, की ळ नाही.

शेजारच्या गुजरातीतही हेच आहे. तिथेही झोपाळ्याला ‘हिंडोळो’ म्हणतात आणि क्रियापद आहे ‘डोलवुं’. गुजरातीही मराठीसारखी ळ जपणारी भाषा. दोन भाषांनी एकाच कुळातल्या नामाला ळ आणि क्रियापदाला ल द्यावा, हा योगायोग मला पटत नाही.

धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी अर्थासह यादी, उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्यातल्या चुरादि नावाच्या गटात दोन धातू शेजारी बसले आहेत: ‘तुल उन्माने’ आणि ‘दुल उत्क्षेपे’. पहिल्याचा अर्थ मोजणे, तोलणे. दुसऱ्याचा वर फेकणे, उचलून टाकणे. झोपाळा म्हणजे वर फेकला जाणारा आणि परत येणारा, म्हणून दोला. आता मराठीत ‘तुल्’चं काय झालं बघा. नामं ळ घेऊन आली: तूळ रास, सोन्याचा तोळा. क्रियापद ल घेऊन आलं: तोलणे. ‘दुल्’चं तेच, हिंदोळा आणि डोलणे. धातुपाठात खांद्याला खांदा लावून बसलेले हे दोघे भाऊ मराठीतही सारख्याच पावलांनी आले. त्या रात्री हे जुळल्यावर मला इतका आनंद झाला की झोप उशिरा आली.

द-चा ड

मुलाने विचारलं नव्हतं, पण वर्गातल्या एका मुलीने विचारलं, की दोला असेल तर ‘दोलणे’ का नाही? हे सोपं निघालं. वररुची या जुन्या व्याकरणकाराच्या प्राकृत व्याकरणात सूत्र आहे की दोला, दण्ड, दशन या शब्दांत द-चा ड होतो. हेमचंद्र ती यादी वाढवतो आणि ‘विकल्पाने’ असं म्हणतो, म्हणजे कुठे होईल, कुठे होणार नाही. त्याच्या यादीत एक शब्द आहे जो प्रत्येक मराठी घरात बोलला जातो: ‘दोहद’. गर्भवतीची इच्छा. त्याचे आपले डोहाळे. डोहाळे आणि डोलणे यांचा अर्थाने काही संबंध नाही, पण त्यांच्या तोंडचा ड एकाच सूत्रातून आला आहे. डसणे हेही ‘दंश्’चं तसंच रूप.

बंगालीने विकल्पातली दुसरी बाजू धरली. तिथे द तसाच आहे. झोपाळा दोलना, आणि फाल्गुनी पौर्णिमा दोल पूर्णिमा. त्या दिवशी राधाकृष्णांच्या मूर्ती झोपाळ्यावर बसवून झुलवतात. आपण ज्या पौर्णिमेला होळी पेटवतो तीच ही तिथी.

आपल्याकडेही द असलेले शब्द आहेत, पण ते संस्कृतातून थेट घेतलेले: दोलायमान, दोलन, आंदोलन. आंदोलनाचा मूळ अर्थ झोका घेणं. रागसंगीतात तो आजही जिवंत आहे. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आंदोलित असतो, म्हणजे एका जागी न थांबता हळूहळू खालीवर हेलावत राहतो. रस्त्यावरच्या आंदोलनाने त्या शब्दाचा झोका आपल्याला विसरायला लावला. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना विशेष काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी वर्तमानपत्रातला मथळा वाचताना डोळ्यापुढे झोपाळा आला.

खाली घट्ट, वर मोकळं

उगम सापडला तरी अर्थाचा प्रश्न उरला होता, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. डोलणे जर झोपाळ्यापासून आलं, तर मराठीत झोपाळा डोलतो का? कानाला विचारा. झोपाळा झुलतो, झोपाळा हलतो. ‘झोपाळा डोलतो’ असं कुणी सहज म्हणत नाही. ज्या वस्तूपासून क्रियापद जन्मलं, तिच्यासाठीच ते आता चालत नाही.

वर्गात फळ्यावर वस्तूंची नावं लिहिली आणि मुलांना विचारलं, यातलं काय डोलतं आणि काय झुलतं? नाग, पाळणा, ज्वारीचं कणीस, पूल, होडी, माडाचं झाड, पारंबी, ऐकणाऱ्याची मान. चर्चा फारशी करावी लागली नाही. नाग, कणीस, माड, होडी, मान हे डोलतात. पाळणा, पूल, पारंबी झुलतात. मग विचारलं, दोन गटांत फरक काय? बराच वेळ शांतता होती. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, आणि ते माझ्या कोणत्याही कोशात मला इतक्या स्वच्छ शब्दांत मिळालेलं नाही:

“जे वरून बांधलंय ते झुलतं. जे खालून धरलंय ते डोलतं.”

खरोखर तसंच आहे. कणसाचं ताट मुळाशी रोवलेलं, शेंडा मोकळा. नाग शरीराचा मागचा भाग जमिनीवर वेटाळून ठेवतो आणि पुढचा भाग फण्यासकट उभारतो, तो उभा भाग डोलतो. गलबताची डोलकाठी खाली तळाशी घट्ट बसवलेली असते आणि वरचं टोक लाटांबरोबर इकडून तिकडे फिरतं. तिच्या नावातच क्रियापद आहे. बसल्या बसल्या झोप आली की मान पुढे पडते आणि सावरते, ती डुलकी. आडवं झोपलेल्या माणसाला डुलकी लागली असं म्हणताना आपण शब्द जरा ताणतोच, कारण डुलण्यासाठी काहीतरी उभं असावं लागतं. लंबक मात्र वरून टांगलेला, तो झुलतो. विज्ञानाच्या पुस्तकात त्याच्या गतीला दोलन म्हणतात, पण ते संस्कृत दोलन आहे, झोपाळ्याच्या जुन्या अर्थाला धरून असलेलं.

दोन्ही क्रियापदं एकाच प्राण्यावर बघायची असतील तर नंदीबैल आठवावा. मुलांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नव्हता, म्हणून मी वर्णन करून सांगितलं. पाठीवर कवड्या-आरशांची रंगीत झूल, शिंगांना गोंडे, शेजारी नंदीबैलवाला ढोलकं घासून गुबुगुबु आवाज काढतोय. तो विचारतो, “पाऊस पडंल का?” आणि बैल मान खालीवर करतो. पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी झूल झुलते. मानेतून धरलेलं डोकं डोलतं. झूल हा शब्द झुलण्याचाच आहे. बैलाला ती घालणाऱ्यांनी नाव अगदी नेमकं दिलं. ‘नंदीबैलासारखी मान डोलावणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला, समजून न घेता होकार भरणे या अर्थाने. आणि इथे मराठीचा आणखी एक बारकावा येतो. मान डोलावली म्हणजे होकार. मान हलवली म्हणजे नकार असू शकतो, किंवा नुसतीच हालचाल. पहिल्या दिवशी त्या मुलाने माझ्या उत्तरावर मान हलवली होती असं मी वर लिहिलं आहे. डोलावली नव्हती.

हिंदीत डोलना म्हणजे हिंडत राहणं असाही अर्थ आहे. मराठीने तो घेतला नाही. खाली घट्ट असण्याची अट असल्यावर हिंडणार कसं?

माझा तर्क असा. टांगलेल्या वस्तूंच्या हालचालीसाठी झुलणे हे क्रियापद मराठीत पक्कं बसलं, तेव्हा डोलण्याला त्या जागेवरून सरकावं लागलं. ते उभ्या वस्तूंकडे गेलं आणि जाताना थोडा आनंदही बरोबर घेऊन गेलं. झुलण्यात आनंद असेलच असं नाही. फांदीवर अडकलेली पतंगाची दोरीही झुलते. डोलण्यात मात्र बहुतेक वेळा सुख असतं. पीक डोलतं म्हणजे ते भरलेलं आहे. दुष्काळातली वाळलेली ताटं वाऱ्याने हलतात, त्यांना डोलणारी म्हणायला जीभ वळत नाही. श्रोता डोलतो म्हणजे गाणं त्याच्यापर्यंत पोचलं. नागही गाण्यावर डोलतो असं आपण म्हणतो, खरं तर त्याला बाहेरचे कान नसतात आणि तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून फणा वळवत असतो. त्याच्या सावधपणाला आपण आपलं सुख चिकटवलं, कारण क्रियापदाजवळ तेच होतं.

डुलणे मात्र या नियमात पूर्ण बसत नाही, हे नोंदवायला हवं. कानातले डूल वरून टांगलेले असतात आणि तरी ते डुलतात. हत्ती डुलत चालतो, तो चार पायांवर. माझ्या कानाला डुलणे हे डोलण्यापेक्षा हलकं, लहान झोक्याचं वाटतं, आणि त्याला खालून-वरून असा भेद नाही. मराठीत सहसा उ असलेलं क्रियापद आपोआप घडणाऱ्या क्रियेचं असतं आणि ओ असलेलं घडवून आणण्याचं: तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. त्या चालीने डोलणे म्हणजे डुलवणे असायला हवं होतं. तसं झालं नाही. दोन्ही आपोआप घडणारीच राहिली, आणि दुसऱ्याकडून करवून घेण्यासाठी आपल्याला डोलावणे, डुलवणे अशी वेगळी रूपं करावी लागली.

डोलकर कोण?

याच सुमारास वर्गात एक वाद झाला. शाळेच्या कार्यक्रमासाठी कोळीगीत बसवत होते. त्यात डोलकर शब्द होता. नाच बसवणाऱ्या मुलांनी ठरवलं की डोलकर म्हणजे डोलणारा, होडीत लाटांवर डोलतो तो, आणि त्याप्रमाणे सगळ्यांनी अंग डोलवत यायचं. आमच्या या अभ्यासाच्या भरात मीही ते मान्य केलं असतं. पण वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी आहे. ती म्हणाली, “बाई, माझे आजोबा डोलकर आहेत. ते डोलत नाहीत. ते डोल लावतात.”

डोल हे जाळं आहे. शंकूच्या आकाराची मोठी पिशवीच म्हणा. तोंड रुंद आणि तिथे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठे, मागे निमुळतं होत जातं तसे आस बारीक. ते समुद्रात ओढत नेत नाहीत. तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरलेल्या दोरांना बांधून प्रवाहाच्या समोर तोंड करून ठेवतात. भरती-ओहोटीचं पाणी स्वतःच मासे आत आणून टाकतं, आणि प्रवाह उलटायच्या आधी जाळं उचलायचं असतं. म्हणून हे जाळं तिथेच चालतं जिथे पाण्याला ओढ आहे: मुंबई, वसई, पालघरची किनारपट्टी आणि पुढे गुजरातचा काही भाग. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, तेव्हा कामही जास्त. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, पाणी मंद, तेव्हा विश्रांती. यात मिळतात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. दोऱ्यांवर वाळत घातलेले जे बोंबील आपण कोळीवाड्यात बघतो ते बहुतेक याच जाळ्यातले. हे जाळं लावणारा तो डोलकर.

व्याकरणाने हा वाद सुटला नसता. मराठीतला ‘कर’ नामाला लागतो, पण खेळकर, खोडकर अशी स्वभाव सांगणारी विशेषणंही त्याने होतात. रूपाकडे बघून डोलकर म्हणजे ‘डोलण्याची सवय असलेला’ असा अर्थ लावायला भाषा मना करत नाही. निवाडा त्या मुलीच्या घरातल्या कामाने केला. ज्या माणसांचा हा शब्द आहे त्यांनी तो जाळ्यावरून ठेवलाय, हालचालीवरून नाही. आवाज जुळला म्हणून अर्थ जुळवायला मी किती सहज तयार झाले होते, हे त्या दिवशी मला जाणवलं. दोन आठवडे हेमचंद्र वाचल्यावर समोर येणारा प्रत्येक ‘डोल’ मला एकाच कुळातला दिसू लागला होता.

नाच बदलला. मुलांनी रांगेत उभं राहून दोर ओढल्यासारखे हात मागे घेतले. आजोबा कार्यक्रमाला आले होते. जाळं उचलताना दोर कसा धरतात ते त्यांनी तालमीच्या दिवशी मुलांना दाखवलं होतं: अंगठा दोराच्या वर ठेवायचा नाही, नाहीतर ओढ बसली की अडकतो.

वहीकडे परत

महिनाभराने मी तो धडा पुन्हा घेतला. फळ्यावर फळफूल लिहिलं आणि जोडीने चळणे–चालणे, मूळ–मोल, काळ–काल. प्राकृताचं नाव घेतलं पण सूत्रं सांगितली नाहीत. एवढंच सांगितलं, की मराठी शब्दात ल दिसला आणि ळ नसला, तर मागे कधीतरी तिथे दोन ल होते का ते बघावं. आणि काही शब्द इंग्रजी, फारसी, हिंदी किंवा संस्कृतातून नंतर आले, त्यांना हा नियम लागत नाही. शाल, साल, कमाल असे शब्द मुलांनी लगेच शोधून दिले.

त्या मुलाला मी वेगळं बोलावलं. म्हटलं, “त्या दिवशी मी अपवाद म्हणाले ते चुकलं. तुझा नियम बरोबर होता. ‘डोलणे’त एक ल लपलेला आहे, तो तुला दिसला नाही, मलाही दिसला नव्हता.” त्याची निबंधाची वही मागून घेतली, लाल रेघेशेजारी पेन्सिलीने ‘डोल्ल’ लिहिलं आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. त्याने विचारलं, “मग गावाला आजी डोलना म्हणते, त्यातही तो ल आहे?” आहे, म्हटलं, पण तिथे दोघेही एकाच आवाजात मिसळून गेलेत.

पुढच्या सोमवारी त्याने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःहून एक नवीन जोडी लिहून आणली: ताल–टाळ. शेजारी बाण काढून दाखवलं होतं की त-चा ट झाला आणि ल-चा ळ, दोन्ही एकाच शब्दात. खाली वाक्य होतं: ‘आषाढात आमच्या गल्लीतून दिंडी जाते तेव्हा टाळ वाजतात आणि माणसं डोलतात.’ यात लाल रेघ मारायला काहीच नव्हतं.